माल्टा ते सायप्रस, अडीच तास

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न एकदा जवळजवळ ठरलं होतं. ती माल्टात होती, मुलगा सायप्रसमध्ये, मुलाचे आईवडील मस्कतला अझैब्यात, मी आणि माझी बायको मस्कतच्याच सीबला, आणि आमचे अण्णा सांगली जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी. सगळ्यांच्या मनात भरलं होतं. मुलानं आणि मुलीनं एकमेकांना समोरासमोर बघायचं तेवढं बाकी होतं, आणि ते दोघं राहत होते ती दोन्ही बेटं एकाच समुद्रात होती.

आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. अण्णा एस.टी.त कंडक्टर होते. आई लवकर गेली. त्यानंतर अण्णा मुक्कामाची गाडी टाळून रोज रात्री घरी येता येईल अशीच ड्यूटी मागून घ्यायचे, आणि ज्यांना ती हवी असायची त्यांच्या सणावाराच्या ड्यूट्या बदल्यात करायचे. मी बी.कॉम. झालो तो अशा दिवाळ्यांवर. कॉलेजातल्या एका सरांनी स्वतःहून मला अकाउंट्सचं काम शिकवलं, पुढं त्यांच्याच ओळखीनं मस्कतला बांधकामाचं सामान विकणाऱ्या एका कंपनीत नोकरी लागली. आमचे अर्बाब, म्हणजे मालक, भले गृहस्थ. पहिल्या वर्षी माझं इंग्रजी इतकं अडखळायचं की ते हसून म्हणायचे, "तू आकडे लिही, बोलू नको." मी आकडे लिहीत राहिलो आणि टिकलो.

बहीण नर्स झाली. तिलाही मी इकडं आणलं. मस्कतपासून दीड-दोन तासांवरच्या रुस्ताकच्या एका खासगी दवाखान्यात ती तीन-चार वर्षं होती. गुरुवारी संध्याकाळी सामायिक टॅक्सीनं सीबला यायची, येताना रुस्ताकच्या सूकमधून, तिथल्या बाजारातून, खजूर नाहीतर मध आणायची. तिचं अरबी माझ्यापेक्षा चांगलं झालं, कारण तिला म्हाताऱ्या बायकांशी बोलावं लागायचं. मग त्या दवाखान्यात इथल्याच शिकलेल्या मुली लागायला लागल्या. ते बरोबरच होतं, त्यांचा देश. तिचा करार पुढं वाढला नाही आणि तिनं माल्टाची नोकरी धरली. गेल्यावर आठवड्यानं तिचा निरोप आला: "दादा, इथली भाषा अरबीच्या जवळची आहे. माणसं आकडे मोजतात ते रुस्ताकसारखेच वाटतात. मला निम्मं समजतंय. त्यांना वाटतंय मी फार हुशार आहे."

माल्टाच्या कागदांची वाट बघत ती दोन-अडीच महिने आमच्याकडं राहिली होती. त्याच काळात अझैब्यातल्या एका काकूंना डॉक्टरांनी इंजेक्शनांचा कोर्स सांगितला. काकू मूळच्या पुण्याच्या. त्यांचे यजमान इथं इंजिनिअर, मस्कतमध्ये त्यांची पंचवीसेक वर्षं गेली असावीत. माझ्या बायकोची नि त्यांची ओळख हळदीकुंकवातली. बहीण जाऊन इंजेक्शन देऊन यायची. काकू सगळ्यांना सांगायच्या, "हिच्या हातचं दुखतच नाही हो. सुई कधी गेली कळत नाही." ती माल्टाला गेल्यावर महिन्याभरात काकूंनी माझ्या बायकोजवळ विषय काढला. त्यांचा मुलगा आधी जहाजावर होता, आता सायप्रसला जहाजांच्या एका कंपनीच्या ऑफिसात. आमची जात वेगळी, घर वेगळं, आम्ही गावाकडचे. त्यांनी यातलं काही विचारलं नाही. मी अण्णांना फोनवर हे सांगितलं तेव्हा अण्णा म्हणाले, "चांगली माणसं दिसत्यात."

फोटो एकमेकांना गेले. मुलगा आणि बहीण फोनवर बोलायला लागले, व्हिडिओला मात्र दोघंही लाजायचे. तो मस्कतच्या इंडियन स्कूलमध्ये शिकलेला, त्यामुळं त्याचं मराठी घरापुरतं. बहीण तालुक्याच्या मराठी शाळेतली, तिचं इंग्रजी हॉस्पिटलपुरतं. बायकोनं तिला विचारलं, "काय गं, बोलता तरी काय?" तर म्हणाली, "वहिनी, मराठी बोलताना त्याला घाम फुटतो. काल म्हणाला, आज मी भात केली आणि ती जळाली. मी म्हटलं, बिचारी." एवढं सांगून ती हसत सुटली. आई गेल्यानंतर तिला असं हसताना मी क्वचित ऐकलं होतं. तिला तो आवडला होता. हे तिनं मला कधी सांगितलं नाही, पण आम्हा नवराबायकोला ते स्पष्ट कळत होतं.

एका शुक्रवारी संध्याकाळी काका-काकूंनी आम्हाला चहाला बोलावलं. अझैब्यात त्यांचं घर विमानतळाच्या बाजूला होतं. विमान वरून गेलं की काका बोलायचे थांबायचे आणि आवाज गेला की त्याच शब्दापासून पुढं सुरू करायचे. काकांनी टॅबवर नकाशा उघडला. निळ्या पाण्यात माल्टा म्हणजे एक ठिपका, आणि उजवीकडं सायप्रस.

"हे बघा," काका बोटांनी मापून म्हणाले, "एवढंसं तर आहे. वीतभरसुद्धा नाही."

"दोघं एकाच समुद्रात आहेत, आणि आपण इथं बसून त्यांची भेट ठरवतोय," काकू म्हणाल्या.

"समुद्र एक असला म्हणून काय, तो होडीनं जाणार आहे का?"

"तुम्ही चेष्टा करू नका. रविवारी सकाळी जाईल, मुलीला भेटेल, संध्याकाळी परत. पुण्याची मुलं मुंबईला नाही का जात?" मग काकू माझ्याकडं वळल्या. "मुलगाच जाईल हं. आम्ही मुलीला त्रास देणार नाही."

त्यांच्या त्या शेवटच्या वाक्यानं मला बरं वाटलं. अण्णांना हे जसंच्या तसं सांगायचं, असं मी मनात म्हटलं.

"यल्ला, चला, ठरलं मग," काका म्हणाले.

पण जायचं कसं हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. आम्हा इथल्या लोकांना दुबई आणि शारजासारखं वाटलं होतं, इकडून निघालं की तिकडं. मुलानं चौकशी केली तेव्हा कळलं, सायप्रसमधल्या त्याच्या कार्डावर त्याला माल्टाला जाता येत नाही, वेगळा व्हिसा लागतो. त्यानं अर्ज करायचं ठरवलं तर भेटीची तारीखच मिळेना. मिळाली तेव्हा ऑफिसात हिशेब तपासणीची गडबड, त्याला सुट्टी नाही. ती तारीख गेली ती गेली. पुढची तारीख आणखी दीड-दोन महिन्यांनी होती. उलट बहिणीला मात्र तिच्या माल्टाच्या कार्डावर सायप्रसला वेगळा व्हिसा लागतच नव्हता. ती तिकीट काढून सरळ जाऊ शकत होती.

हे मुलाच्या लक्षात आलं आणि त्यानं तिला आवाजी निरोप पाठवला. तिनं तो माझ्या बायकोला पुढं पाठवला, बायकोनं मला ऐकवला. त्यात तो सावकाश, शब्द शोधत बोलत होता. "तू ये ना इकडे. मी एअरपोर्टवर उभा असणार. माझी एक कलीग आहे, ती आणि तिचे आईबाबा, त्यांच्या घरी तू राहणार. म्हणजे, तुझ्या घरच्यांना वाईट वाटू नये. मला माहीत आहे, मी यायला पाहिजे होतं." मग जरासा थांबून, "मी थोडा नर्व्हस आहे, पण ये."

मला तो निरोप ऐकून मुलगा फारच आवडला. बहिणीनं खाली लिहिलं होतं, "दादा, अण्णांना विचार."

आमच्या इमारतीच्या खाली तिकिटांचं एक छोटं दुकान होतं. ते चालवणारे चाचा रत्नागिरीकडचे, इथल्या निम्म्या कोकणी मुसलमानांची तिकिटं तेच काढायचे. त्यांना मी माल्टा ते सायप्रसचं विचारलं तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर नेला.

"भाऊ, सीबमध्ये बसून माल्टा-सायप्रसचं तिकीट मागणारे तुम्ही पहिलेच. कोण चाललंय?"

"बहीण."

"फिरायला?"

"मुलगा बघायला," मी म्हणालो. का कोण जाणे, मला खोटं बोलता आलं नाही.

चाचांनी कॉम्प्युटरवर शोधलं. सरळ जाणारं विमान आठवड्यातून मोजकेच दिवस होतं, बाकी सगळी अथेन्सवरून. सुदैवानं रविवारी सरळ विमान होतं. "सतराशे, साडेसतराशे किलोमीटर धरा," ते म्हणाले, "वेळ अडीच तास. काही नाही हो, चहा देतील आणि उतरवतील. इन्शाल्ला, चांगलं होईल." जाण्यायेण्याच्या वेळांचा एक कागद त्यांनी मला छापून दिला. त्याचा फोटो काढून मी अण्णांच्या फोनवर पाठवला. नुसतं बोलण्यापेक्षा कागद समोर असलेला बरा, अण्णांचा कागदावर विश्वास, असा माझा विचार.

संध्याकाळी फोन केला तर अण्णा तो कागद बघूनच बसले होते.

"हे काय रं? जाताना साडेतीन तास आणि येताना दीडच तास? वर उतार हाय काय?"

मी हसलो. दोन्ही ठिकाणच्या घड्याळांत एका तासाचा फरक आहे, म्हणून कागदावर तसं दिसतं, खरा वेळ दोन्हीकडं अडीच तास, असं समजावलं. त्यांना ते लगेच समजलं. आणि मग त्यांनी विचारलं, "अंतर किती हाय?"

"सतराशे-साडेसतराशे किलोमीटर."

अण्णा हिशेब करत होते. आयुष्यभर त्यांनी टप्पे मोजून तिकिटं फाडलेली, किलोमीटर सांगितले की त्यांना रस्ता दिसायचा.

"म्हंजे आपल्या स्टँडवरनं दिल्ली."

"होय, साधारण तेवढंच, पण विमानानं..."

"एकटी पोरगी दिल्लीला जाणार? मुलगा बघाय?"

मी त्यांना व्हिसाचं सांगितलं, मुलाला येता येत नाही ते सांगितलं, त्याच्या ऑफिसातल्या बाईचं घर, तिचे आईबाप, सगळं सांगितलं. अण्णांनी ऐकून घेतलं. रागावले नाहीत. त्यांचा आवाज उलट खाली आला.

"तू कधी संध्याकाळच्या शेवटच्या गाडीनं आलायस?"

"आलोय की."

"तू बसून आलायस. मी उभ्यानं आलोय. सकाळच्या गाडीला बाप पोरीला घेऊन चढतो. पोरीला नवी साडी, गजरा. 'पाहुण्यांकडं चाललोय' म्हणतो. मला कळायचं. मुलाकडच्यांनी सांगितलेलं असतंय, आम्हास्नी सवड न्हाई, तुम्हीच पोरगी घेऊन या. संध्याकाळी तीच माणसं परतीला. पोरगी खिडकीतनं बाहेर बघत बसलेली. बाप माझ्याशी कशावरनं तरी भांडण काढायचा. जागेवरनं म्हण, पिशवीवरनं म्हण. त्याचं भांडण माझ्याशी नसायचंच. मी गप ऐकून घ्यायचो. अशा लई पोरी बघितल्या मी. तवाच ठरवलं, माझी पोर कुणाच्या दारात दाखवाय न्यायची न्हाई. ज्याला बघायचंय त्यानं यावं."

"विमानात तसं कुणी कुणाकडं बघत नाही, अण्णा. कुणाला कळणार आहे?"

"तिला तर ठाऊक असंल की," अण्णा म्हणाले.

ज्या माणसानं आम्हा दोघांसाठी आपले सगळे सण दुसऱ्यांच्या गाड्यांत काढले, त्यानं हे इतक्या वर्षांनी पहिल्यांदा तोंडातून काढलं होतं. मी विषय बदलला, त्यांच्या गुडघ्याचं विचारलं.

फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, "अहो, तुम्ही म्हणजे आकड्यांचेच. किलोमीटर कशाला सांगितलेत? तास सांगून थांबायचं. आपल्या गावाहून पुण्याला जायला ह्याच्या दुप्पट लागतात."

"त्यांनी विचारलं."

"विचारू देत. म्हणायचं, मला माहीत नाही, विमानवाल्यांना माहीत."

बहिणीला मी लिहिलं, अण्णा नको म्हणताहेत, मुलानंच यावं असं त्यांचं म्हणणं आहे. गाडीतल्या पोरींचं मी लिहिलं नाही. तिचं उत्तर आलं, "बरं दादा." त्याच्यापुढं काहीही नव्हतं.

काकूंना आम्ही घरी जाऊन सांगितलं. त्या अजिबात रागावल्या नाहीत. "बरोबर आहे तुमच्या वडिलांचं," त्या म्हणाल्या. "मुलीच्या बापाला वाटणारच. आपण थांबू." काका म्हणाले, दोघांची सुट्टी जुळली की मस्कतलाच भेटवू, आपण सगळे असू. ते सगळ्यांना पटलं. पण तिची सुट्टी उन्हाळ्यात आणि त्याची डिसेंबरात. ती उन्हाळ्यात आली, गावी गेली, अण्णांजवळ राहिली. तो डिसेंबरात आला. मधल्या काळात व्हिसाची ती दुसरी तारीखही त्याच्या कामामुळं चुकली होती. फोनही कमी झाले होते. आधी रोजचे, मग रविवारचे, मग सणाचे. कुणी कुणाला काही लागेल असं बोललं नव्हतं. समोरासमोर तोंडच पाहिलेलं नसलं की माणसं किती दिवस नुसत्या आवाजावर काढणार?

पुढच्या जानेवारीत काका-काकू आमच्याकडं सीबला आले. आधी फोन न करता कधी न येणारी माणसं. काकूंच्या हातात बेसनाच्या लाडवांचा डबा होता. त्यांनी तो बायकोच्या हातात दिला आणि सोडला नाही, दोघी तो डबा धरून उभ्या राहिल्या.

"पुण्याला होता पंधरा दिवस," काकू म्हणाल्या. "माझ्या बहिणीनं एक मुलगी दाखवली. दोघं भेटले, परत भेटले. जमलं."

"अरे वा," बायको म्हणाली. तिनं ते फार चांगलं म्हटलं, मला तिचा अभिमान वाटला.

"आमच्याकडून नाही म्हटलं नव्हतं हं कुणी," काकू म्हणाल्या.

"आमच्याकडूनही नाही, काकू."

"मग झालं काय हो?"

काका सोफ्यावर बसून बुटाकडं बघत होते. ते म्हणाले, "मोडलं असं काही नाही. राहून गेलं."

चहा झाला. जाताना काकूंनी बहिणीची चौकशी केली, ती खाते का नीट, तिथं थंडी असते का. दारात त्यांचे डोळे भरले. लाडू आम्ही खाल्ले, चांगले झाले होते. लग्नाला आम्ही जाऊ शकलो नाही, आहेर मात्र पाठवला.

त्याच वर्षी मी गावी निघालो. मस्कतहून मुंबईचं विमान सुटलं आणि समोरच्या छोट्या पडद्यावर नकाशा आला. मी आजवर कितीतरी वेळा त्या विमानात बसलो होतो, पण तो पडदा कधी वाचला नव्हता. त्या दिवशी वाचला. मुंबईपर्यंतचं अंतर साडेपंधराशे किलोमीटरच्या वर होतं. वेळ अडीच तासांच्या आसपास. म्हणजे माल्टाहून सायप्रसला जायचं तर फार तर दीड-दोनशे किलोमीटर जास्त. आम्ही ज्याला 'घरी जाऊन येतो' म्हणतो तेवढंच ते होतं. शेजारचे कामगार जेवण येईपर्यंत झोपले होते. बायका मुलं घेऊन एकट्या चालल्या होत्या. माझी बहीणसुद्धा हे अंतर एकटीनं कैक वेळा आली-गेली होती, आणि अण्णांनी कधी एकदाही विचारलं नव्हतं, किती किलोमीटर.

आणि अण्णा स्वतःसुद्धा. माझ्या मुलाचं बारसं झालं तेव्हा ते मस्कतला आले होते. विमानात बसल्या बसल्या झोपले ते उतरतानाच उठले, आणि बाहेर आल्यावर मला म्हणाले होते, "आलं पण? मला वाटलं गाडी अजून स्टँडवरच हाय."

मी घरी पोचल्यावर अण्णांना हे सांगितलं. सांगावं की नाही याचा बराच विचार केला होता. पण जेवताना त्यांनीच विचारलं, "त्या सायप्रसच्या पोराचं लगीन झालं म्हंतोस?" तेव्हा माझ्याकडून बोललं गेलं. म्हटलं, "अण्णा, ते अंतर मुंबई-मस्कतएवढंच होतं. तुम्ही आला होता तेवढंच. मी तुम्हाला दिल्ली म्हणू द्यायला नको होतं."

अण्णांनी घास खाली ठेवला. "मी झोपून आलो तेवढं?"

"तेवढंच."

ते उठले, हात धुतले, आणि अंगणात जाऊन उभे राहिले. त्यानंतर त्या आठ दिवसांत त्यांनी तो विषय काढला नाही. पण निघताना स्टँडवर मला सोडायला आले तेव्हा गाडीच्या खिडकीशी येऊन म्हणाले, "मी आडवा आलो रं तिच्या." गाडी सुटली.

हे वाक्य घेऊन मी मस्कतला आलो. पुढच्या उन्हाळ्यात बहीण गावी जाताना चार दिवस आमच्याकडं उतरली. संध्याकाळी आम्ही दोघं सीबच्या किनाऱ्यावर चालायला गेलो. उकाडा होता, कोळ्यांच्या होड्या वाळूवर ओढून ठेवलेल्या. मी तिला अण्णांचं ते वाक्य सांगितलं. शेवटच्या गाडीतल्या पोरींचंही तेव्हाच सांगितलं, पहिल्यांदा.

ती थांबली. होडीच्या कडेला टेकली.

"दादा, तुला खरं सांगू? मी ड्यूटी बदलून घेतली होती. त्या रविवारची. कपडेसुद्धा ठरवले होते. आणि आदल्या आठवड्यात मला झोप येईना. फोनवर मी त्याला आवडले होते, मला ठाऊक होतं. फोनवर मी हसते, चेष्टा करते. समोर गेल्यावर काय? त्याच्या ऑफिसातल्या त्या बाईच्या घरी काट्या-चमच्यानं जेवायचं, इंग्रजीत बोलायचं. तो एअरपोर्टवर मला बघेल आणि त्याच्या तोंडावर काहीतरी दिसेल, असं सारखं वाटायचं. अण्णा नको म्हणाले ना, तेव्हा मला सुटल्यासारखं झालं."

"मग तू तसं बोलली का नाहीस?"

"कुणाला बोलू? मलाच ते नंतर कळलं. तोवर त्याचं लग्न ठरलं होतं." ती वाळूकडं बघत राहिली. "अण्णा हो म्हणाले असते तर मी गेले असते. घाबरत घाबरत गेले असते. ते बरं झालं असतं. पण अण्णांनी अडवलं असं नाही रे. त्यांनी मला एक कारण दिलं आणि मी ते घेतलं."

मी विचारलं, आता त्याची आठवण येते का. ती म्हणाली, "भात करपला की येते." आणि ती हसली, पण ते पूर्वीचं हसणं नव्हतं.

घरी परतताना ती म्हणाली, "अण्णांना सांग हे. मी सांगितलं तर त्यांना खोटं वाटेल. तू सांग. त्यांनी मनाला लावून घेऊ नये."

त्या संध्याकाळी मी अण्णांना फोन केला. बहीण आतल्या खोलीत गावी न्यायची बॅग भरत होती, दार उघडं होतं. मी सगळं सांगितलं. तिची झोप उडालेली, तिची भीती, सुटल्यासारखं वाटलं ते.

"हे ती म्हणाली?" त्यांनी शेवटी विचारलं.

"हो. तिनंच सांगायला लावलं."

"तर मग ती म्हणणारच. माझी पोर हाय ती." त्यांनी खोकून आवाज साफ केला. "मला बरं वाटावं म्हणून म्हंत्येय."

"तसं नाही अण्णा, खरंच..."

"असू दे. तिला म्हणावं, अण्णांना पटलं. बरं वाटलं म्हणावं त्यांना. एवढं सांग."

मी आत गेलो. बहीण बॅगेवर गुडघा टेकून चेन ओढत होती.

"काय म्हणाले?"

"पटलं म्हणाले. बरं वाटलं म्हणाले."

तिनं चेन अर्ध्यात सोडली आणि माझ्याकडं बघितलं.

"अण्णांना?" ती म्हणाली. "एवढ्या लवकर?"